इनसेट स्टोव्ह बसवताना: काय जळतं, काय तडकतं आणि मागे काय दडलंय

जानेवारीतली रात्र होती. नवा स्टोव्ह बसवून आठवडा झाला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हात सैल सोडून लाकडं घातली होती. तासाभराने ‘टक्’ असा आवाज आला. ढलप्यातली गाठ फुटली असेल, म्हणून मी मानही वर केली नाही. सकाळी राख काढायला वाकले तेव्हा दिसलं. स्टोव्हच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापासून थेट पुढच्या कडेपर्यंत, केसाएवढी बारीक चीर. पांढऱ्याशुभ्र लाइमस्टोनची अखंड फरशी होती ती. दगड जळला नव्हता, काळाही पडला नव्हता. नुसता तापला होता, स्टोव्हजवळ फार आणि कडेला कमी.

घेताना मी दुकानात विचारलं होतं, “हा आगीला चालेल ना?” “दगड आहे हो, दगड कसा जळेल?” असं हसत उत्तर मिळालं. उत्तर खरंच होतं, माझा प्रश्न अपुरा होता.

त्यानंतर घरातल्या दोन आणि मैत्रिणींकडच्या तीन-चार फायरप्लेसमध्ये डोकं घालून झालं, आणि आता मी स्टोव्हभोवतीच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारते. हे जळेल का? जळलं नाही तरी तडकेल का? आणि याच्या मागे काय आहे? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलेल्या आणि दिवाणखान्यातल्या त्या बंद फायरप्लेसकडे बघत बसलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. आकडे इंग्लंडच्या बांधकाम नियमांतल्या ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट जे’चे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची पुस्तकं वेगळी. हे वाचून स्टोव्ह स्वतः बसवायला घेऊ नका. फिटरशी बोलताना आणि सामान निवडताना आपल्याला काय कळायला हवं, तेवढंच इथे आहे.

इनसेट म्हणजे नेमकं काय

सुटा स्टोव्ह पायांवर उभा असतो आणि चारही बाजूंनी उष्णता फेकतो. इनसेट स्टोव्ह फायरप्लेसच्या भोकात सरकवतात, आणि खिडकीची चौकट भिंतीवर टेकावी तशी त्याची पुढची लोखंडी चौकट भोवतालच्या दगडावर टेकते. ब्रिटनमधल्या विसाव्या शतकातल्या असंख्य घरांत हे भोक एका ठरावीक मापाचं असतं: १६ इंच रुंद, २२ इंच उंच, म्हणजे साधारण ४०५ बाय ५६० मिमी. बरेच इनसेट याच मापासाठी बनतात. त्यामुळे लिंटेलला, म्हणजे भोकावरच्या आडव्या तुळईला, हात न लावता काम होतं. कमी जागेच्या घरात हा मोठा फायदा.

“ऐंशी वर्षं इथे कोळसा जळलाय, आता काय होणार?” असं कुणीतरी म्हणतंच. उघड्या फायरप्लेसमध्ये बहुतेक उष्णता चिमणीतून वर निघून जाते. स्टोव्हचं कामच ती अडवून धरण्याचं. आता तिथे तासन्‌तास तापलेली लोखंडी पेटी असते, तिची चौकट थेट दगडाला भिडलेली असते, आणि लोखंड तापलं की वाढतं. चुलीचे दगड आणि बंबाचा पत्रा यांत जो फरक, तोच इथे. म्हणून जुन्या सराउंडने, म्हणजे भोकाभोवतीच्या शोभेच्या मखराने, पूर्वी काय सोसलं, त्यावरून आता तो काय सोसेल ते ठरत नाही.

आधी चिमणी, मग स्टोव्ह

दुकानात जाण्याआधी चिमणी साफ करून घ्या. आपल्याकडे चिमणी म्हणजे पाखरू, आणि इथल्या चिमणीत खरोखरच पाखरू सापडतं, फक्त ते कावळ्याच्या जातीतलं. जॅकडॉ नावाचा हा छोटा कावळा धुराड्यात वरून काड्या टाकत राहतो आणि कुठेतरी त्या अडकल्या की त्यावर घरटं करतो. आमच्या स्वीपने दोन गोण्या भरून काड्या काढल्या. साफसफाईनंतर धुराची चाचणी करून घ्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत धूर दिसला तर आतलं अस्तर फुटलंय.

मग स्टोव्हचा आकार. इथे आपली माणसं हमखास चुकतात. थंडीला घाबरून मोठा स्टोव्ह घेतात. ढोबळ हिशेब असा: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि १४ ने भागायचं. साडेचार बाय साडेतीन बाय अडीच मीटरची खोली म्हणजे सुमारे ३९ घनमीटर, भागाकार पावणेतीन किलोवॅट. अशा खोलीत आठ किलोवॅटचा स्टोव्ह घेतला की एक तर तुम्ही तो कायम गुदमरत ठेवता, मग काच काळी आणि चिमणीत डांबर. नाहीतर तो पूर्ण पेटवता आणि सराउंड, भिंत, मँटल (फायरप्लेसच्या वरची फळी) सगळं गरजेपेक्षा जास्त तापवता. शिवाय जुन्या, फटी असलेल्या घरात ५ किलोवॅटपर्यंत हवेसाठी भिंतीत कायमचं भोक पाडावं लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिमी मोकळी जागा लागते. नव्या, घट्ट बांधणीच्या घरात तर पहिल्या किलोवॅटपासूनच लागते. १ जानेवारी २०२२ पासून नवा विकला जाणारा स्टोव्ह इकोडिझाइनच्या, म्हणजे कमी धूर आणि चांगल्या कार्यक्षमतेच्या, निकषात बसणारा असावा लागतो. आणि शहरात राहत असाल तर तुमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात (धुरावर निर्बंध असलेल्या भागात) येतो का, ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. येत असेल तर लाकूड जाळण्यासाठी सूट मिळालेलं मॉडेलच घ्यावं लागेल.

फोडायला घेण्याआधी

भोकाच्या आत जो भाजक्या मातीचा वक्र पाठीसारखा तुकडा असतो तो फायरबॅक. इनसेटसाठी तो बहुधा काढावा लागतो. त्याच्या मागे विटांचे तुकडे आणि चुना भरलेला असतो, आणि नशीब असेल तर तिथे जुन्या गवंड्याची हुशारी दिसते. फायरबॅक बसवताना हे लोक त्याच्या पाठीला नालीदार पुठ्ठा लावून मग भर घालत. पहिल्या काही जाळांत पुठ्ठा जळून जाई आणि त्याच्या जाडीएवढी फट मागे राही. फायरबॅक तापून फुगला की त्याला सरकायला तेवढी जागा. आमच्याकडे मला त्या पुठ्ठ्याच्या नाल्यांचे ठसे चुन्यात जसेच्या तसे सापडले. वाढीला जागा ठेवा हे त्या माणसाला माहीत होतं. माझ्या लाइमस्टोनवाल्याला नव्हतं.

दोन ठिकाणी मात्र हातोडा खाली ठेवायचा. फायरबॅक आणि सराउंड यांच्या सांध्यात करडी-पांढरी दोरी दिसली, किंवा भोक बंद करायला वापरलेला जुना करडा बोर्ड दिसला, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही घरात ते असू शकतं. तोडू नका, झाडू नका, नमुना तपासून घ्या. दुसरं म्हणजे फायरबॅकच्या मागे पाण्याची जुनी टाकी, बॅक बॉयलर. वापरात नसलेली पण दोन्ही तोंडं बंद केलेली टाकी समोरच्या जाळाने तापली तर आत वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो. अशा घटनांत माणसं दगावली आहेत. ती टाकी काढून टाका. काढणं शक्यच नसेल तर पाणी काढून, भोकं पाडून निकामी करून घ्या. “राहू दे, मागेच तर आहे” असं कुणी म्हणालं तर फिटर बदला.

हार्थ: वरची फरशी आणि खालचा ओटा

हार्थ म्हटलं की आपल्याला वरची चकचकीत फरशी दिसते. नियमांना खालचा ओटाही तितकाच महत्त्वाचा. भिंतीतल्या फायरप्लेससाठी हा न जळणारा भक्कम थर किमान १२५ मिमी जाडीचा, भोकाच्या पुढे किमान ५०० मिमी आणि दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी आलेला असावा लागतो. त्यावरची फरशी बंद दाराच्या स्टोव्हपुढे किमान २२५ मिमी हवी. दार उघडं ठेवून चालवता येणारा स्टोव्ह असेल तर ३०० मिमी. बाजूंना १५० मिमी.

स्टोव्हखालचा हार्थ १०० अंशांच्या वर जात नाही असं उत्पादकाने चाचणी करून सांगितलं असेल तर सुट्या स्टोव्हला १२ मिमीची फरशीही चालते. हे वाक्य अर्धवट ऐकून बरेच जण इनसेटखालीही लाकडी जमिनीवर पातळ फरशी चिकटवून मोकळे होतात. व्हिक्टोरियन घरात जमिनीखाली लाकडी तुळया असतात. हार्थचा थर कुठे संपतो आणि तुळई कुठे सुरू होते, हे एक फळी उचलून टॉर्चने बघितल्याशिवाय कळत नाही. बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट नियमात आहे पण दिसायला क्षुल्लक वाटते. हार्थची कड ओळखू आली पाहिजे, म्हणजे तो जमिनीपेक्षा थोडा उंच हवा किंवा वेगळा दिसायला हवा. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी हौसेने गालिचा स्टोव्हच्या तोंडापर्यंत नेऊन ठेवतं.

अंतरं: पुस्तिका उघडा

प्रत्येक स्टोव्हबरोबर पुस्तिका येते आणि त्याच्यावर धातूची पट्टी असते. जळणाऱ्या वस्तूंपासून वर किती, बाजूला किती, पुढे किती अंतर, हे तिथे लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या स्टोव्हचे आकडे तुमच्या स्टोव्हला लागू नाहीत. चाचणीत शेजारचं लाकूड खोलीच्या तापमानापेक्षा ६५ अंशांहून जास्त तापू द्यायचं नसतं, आणि त्यावरून ही अंतरं ठरतात. म्हणजे २० अंशांच्या खोलीत ८५. लाकूड एवढ्याला पेटत नाही. पण वर्षानुवर्षं त्याहून जास्त तापत राहिलेलं लाकूड आतून हळूहळू कोळशाकडे झुकतं आणि पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. ‘तीन हिवाळे झाले, काही झालं नाही’ याला म्हणूनच अर्थ नाही.

नियमपुस्तकाची स्वतःचीही अंतरं आहेत: जळणारी वस्तू धुराड्याच्या किंवा भोकाच्या आतल्या पृष्ठभागापासून किमान २०० मिमी, किंवा विटांच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान ४० मिमी. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी), मँटलची फळी, जमिनीच्या फळ्या अशांना या ४० मिमीतून सूट आहे. इथे एक गफलत होते. ही सूट विटांतून झिरपणाऱ्या उष्णतेबद्दल आहे. स्टोव्हच्या काचेतून आणि चौकटीवरून वर येणाऱ्या झळीबद्दल ती काहीच म्हणत नाही. “मँटलला सूट आहे” म्हणत ओकची तुळई स्टोव्हच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लावणारा सुतार मी पाहिलाय. त्याच स्टोव्हच्या पुस्तिकेत तुळईसाठी जवळपास तिप्पट अंतर लिहिलं होतं.

लाकडाचा लूक हवाच असेल तर काँक्रीट ओतून बनवलेल्या, हुबेहूब ओकसारख्या रंगवलेल्या तुळया मिळतात. हात लावला की गार लागतात, तेवढाच फरक.

सराउंड: दगडा दगडात फरक

दुकानात ‘मार्बल’, ‘स्टोन’, ‘कास्ट’ अशा पाट्या असतात. त्यांतल्या निम्म्या वस्तू गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीसाठी बनलेल्या असतात. जाळ असलेल्या स्टोव्हसाठी विचारायचं ते नेमक्या शब्दांत विचारा: हे सॉलिड फ्युएलसाठी आहे का, आणि तसं लिहून द्याल का? मी हे लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

एमडीएफचा रंगवलेला सराउंड लांबून दगडासारखाच दिसतो. कुठेतरी न दिसणाऱ्या कडेला नखाने खरवडा. तपकिरी भुगा निघाला तर तो दाबलेला लाकडाचा भुसा आहे आणि त्याला लाकडाचीच सगळी अंतरं लागू. गॅसच्या जागी स्टोव्ह बसवताना तो तसाच ठेवायचा मोह होतो, कारण दिसतो छान. ठेवायचाच असेल तर त्याच्या आत दगड किंवा लोखंडाचा इतका रुंद पट्टा हवा की पुस्तिकेतलं अंतर पूर्ण होईल. लहान खोलीत ते सहसा जमत नाही.

मायक्रोमार्बल किंवा तत्सम नाव असलं तर दगडाची पूड राळेत घट्ट केलेली असते. राळ तापली की पिवळी पडते, वास येतो, मग तडा जातो. गॅसला ठीक, इथे नको.

खरा संगमरवर जळत नाही, पण तो कॅल्साइटच्या स्फटिकांचा असतो आणि हे स्फटिक तापले की एका दिशेने फुगतात, दुसऱ्या दिशेने किंचित आक्रसतात. दाणे एकमेकांना आतून ढकलत राहतात. शिवाय अखंड फरशीचा मधला भाग तापलेला आणि कडा थंड असल्या की मधला भाग फुगायला बघतो, कडा त्याला धरून ठेवतात, आणि ताण असह्य झाला की ‘टक्’. लाइमस्टोनचं तेच, ग्रॅनाइटचंही थोड्याफार फरकाने तेच.

यावरचा उपाय जुना आहे आणि चांगले कारागीर तो न विचारता करतात. फरशी तीन किंवा पाच तुकड्यांत कापायची, तुकड्यांच्या मागे काँक्रीट ओतून पाठ भक्कम करायची, आणि सांध्यांत वाढीला जागा ठेवायची. याला इथे ‘स्लॅब्ड’ म्हणतात. मागच्या उभ्या पॅनललाही तेच हवं. माझा दुसरा हार्थ तीन तुकड्यांचा आहे. स्टोव्हखालचा आणि समोरचा तुकडा वेगळा, दोन्ही बाजू वेगळ्या. सांधे बारीक आहेत, सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत, आणि गेली चार वर्षं एकही चीर नाही.

मग काळा दगड. पाटीवर ‘स्लेट’ असेल तर खरी स्लेट आहे का ते बघा. वेल्सची स्लेट आणि कंब्रियाची हिरवट स्लेट हे दोन्ही उत्तम आणि सहज मिळणारे दगड आहेत. दाट, बारीक पोताचे, उष्णता सोसणारे. हलक्या प्रतीची स्लेट मात्र थरांत सुटते, कडेला पापुद्रे दिसले तर घेऊ नका. गंमत अशी की इथल्या अंगणांसाठी ‘ब्लॅक लाइमस्टोन’ म्हणून जी फरशी विकतात, ती बऱ्याचदा आपला कडप्पा असते. हो, ओट्यावरचा कडप्पा. स्वस्त पडतो म्हणून कुणीतरी तो हार्थला सुचवतं. स्वयंपाकघरात कडप्पा टिकतो कारण तिथली शेगडी पायांवर उभी असते आणि तासाभरात बंद होते. स्टोव्हखाली तो सहा तास तापतो. आणि कडप्पा म्हणजे शेवटी लाइमस्टोनच, त्यामुळे वरचं सगळं त्यालाही लागू.

कुठलाही लाइमस्टोन घेतलात तर आणखी दोन गोष्टी आपल्या घरांसाठी. तो सच्छिद्र असतो, त्यावर समईचं तेल सांडलं की डाग कायमचा. आणि शेजारच्या पितळेला चिंच-लिंबू लावून घासलंत तर आंबट थेंब दगडाची झिलई खातो. माझ्या आईने इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी तांब्याचा गडू त्या हार्थवर ठेवून घासला. गोल पांढरा ठसा राहिला. म्हणजे तडा जायच्या आधीच एक डाग होताच.

सर्वांत कमी कटकटीची वस्तू म्हणाल तर वीट किंवा ओतीव लोखंडाचा जुना सराउंड. वीट दिसायला साधी, पण तिचे शेकडो सांधे म्हणजे वाढीच्या शेकडो जागा. लोखंडी सराउंड तापतो, सहसा तडकत नाही, पण हाताला चटका देतो, घरात रांगणारं मूल असेल तर ते लक्षात घ्या. टाइल्स चालतात. फसते ती टाइलमागची साधी अडेसिव्ह. उष्णता सहन करणारी, लवचीक अडेसिव्ह आणि तशीच ग्राउट मागून घ्या. साधी वापरली की पहिल्या हिवाळ्यातच टाइलवर टकटक केलं तर पोकळ आवाज येतो.

मागे काय आहे

आता तिसरा प्रश्न. फायबर सिमेंटचा बोर्ड जळत नाही. म्हणून लाकडी चौकटीवर तो ठोकला, वर टाइल लावली, आणि काम सुरक्षित झालं असं वाटतं. पण बोर्ड उष्णता अडवत नाही, तो ती मागे पोचवतो. टाइल शाबूत, बोर्ड शाबूत, आणि मागची लाकडी पट्टी रोज भाजतेय. न जळणं वेगळं, उष्णता रोखणं वेगळं. पट्ट्या धातूच्या लावा, बोर्ड कॅल्शियम सिलिकेटचा घ्या, तो उष्णताही बऱ्यापैकी अडवतो. आणि पुस्तिकेतलं अंतर मोजताना टाइलपासून नाही, मागे जे पहिलं लाकूड आहे त्याच्यापासून मोजा. प्लास्टरबोर्डचं पोट जिप्समचं असलं तरी अंगावर कागद असतो, त्यामुळे स्टोव्हलगत तो नकोच.

प्लास्टरचंही तसंच. साधं जिप्सम प्लास्टर सतत ४९ अंशांच्या वर तापत राहील अशा जागी वापरू नये. त्याच्या रचनेतलं पाणी हळूहळू निघून जातं, मग जाळीसारख्या भेगा पडतात आणि पोपडे निघतात. चिमणीच्या भिंतीवर, विशेषतः स्टोव्हच्या वरच्या हातभर पट्ट्यात, चुन्याचा किंवा उष्णतारोधक गिलावा हवा. आपल्याकडची जुनी घरं चुन्याचीच. इथल्या नव्या गवंड्यांना मात्र चुना म्हटलं की कपाळावर आठी येते. आग्रह धरा.

स्टोव्ह आणि जुन्या विटा यांच्यात जी पोकळी राहते ती काही मॉडेलमध्ये व्हर्मिक्युलाइट आणि सिमेंटच्या हलक्या मिश्रणाने भरतात. व्हर्मिक्युलाइट म्हणजे गच्चीवरच्या कुंड्यांत घालतात तेच. पाच-सहा भागांना एक भाग सिमेंट, आणि ओलसर, मुठीत दाबलं तर गोळा राहील एवढंच पाणी. भर घालताना स्टोव्हच्या अंगाला ती थेट चिकटू देऊ नका. मध्ये नालीदार पुठ्ठा ठेवा. हो, तोच जुन्या गवंड्याचा पुठ्ठा. काही मॉडेलमध्ये मात्र ही पोकळी खोलीत गरम हवा फिरवण्यासाठी मोकळीच ठेवायची असते. ती भरली तर स्टोव्ह आतून जास्त तापतो आणि खोली थंडच राहते. हे फक्त पुस्तिका सांगेल. फिटर “आम्ही नेहमी भरतो” म्हणाला तर पान उघडून दाखवा.

चौकट जिथे दगडाला टेकते तिथे काचतंतूंची दोरी येते. कुणी त्या जागी फायर सिमेंट थापतं. सिमेंट पहिल्या दिवशी घट्ट आणि नीटनेटकं दिसतं. पण लोखंड रोज फुगतं आणि आक्रसतं, आणि महिन्याभरात ते कोरडं सिमेंट भुकटी होऊन हार्थवर पडतं. दोरी दबते आणि परत फुगते, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. चौकटीच्या पाठीमागे दोरी आहे ना, हे स्टोव्ह सरकवण्याआधी स्वतः बघा. नंतर दिसत नाही.

चिमणीत वर जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या लायनरबद्दल फार लिहीत नाही, ते फिटरचं काम. एवढंच विचारा की स्टीलची प्रत ३१६ आहे की ९०४. लाकडाबरोबर धूरमुक्त कोळसाही जाळणार असाल तर ९०४ घ्या.

कागद, अलार्म, जाळी

हेटाससारख्या योजनेत नोंदलेला फिटर असेल तर तो स्वतःच काम प्रमाणित करतो आणि तुम्हाला प्रमाणपत्र येतं. नोंद नसलेल्या माणसाकडून किंवा स्वतः करायचं तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवून तपासणी करून घ्यावी लागते. घर विकताना वकील हा कागद मागतो, आणि विमा कंपनी तर आग लागल्यावर मागते. हार्थ आणि चिमणी कशासाठी योग्य आहे हे सांगणारी एक छोटी पाटीही घरात लागली पाहिजे, बहुधा विजेच्या मीटरजवळ. ती लावल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. तो त्याच खोलीत, स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरच्या आत हवा. छतावर लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिमी दूर. भिंतीवर लावला तर दार-खिडक्यांच्या वर, पण छतापासून किमान १५० मिमी खाली. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म हे काम करत नाही. फोडणीला तो ओरडतो म्हणून काढून ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

लहान मुलं असतील तर भिंतीला अडकवता येणारी जाळी घ्या. नुसती समोर उभी केलेली जाळी मूल धरून उभं राहिलं की स्टोव्हवरच पडते. ओढण्या, साड्या, सुकत घातलेले कपडे जाळीवर नकोत. आणि मँटल म्हटलं की आपला हात देवाच्या तसबिरीकडे जातो. दिवाळीत त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या जातात, वर कागदी कंदील येतो. दोनच दिवसांत त्या माळा कुरकुरीत वाळतात, आणि खाली स्टोव्ह पेटलेला असतो. आमच्याकडे तसबीर आता खिडकीशेजारच्या कोनाड्यात आहे.

पहिले जाळ

काँक्रीट, गिलावा, सांधे वाळायला उत्पादक सांगेल तितके दिवस द्या. घाईने पेटवलं तर आत राहिलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना दगड आणि सांधे फोडतं. मग तीन दिवस तीन छोटे जाळ करा. पहिल्या दिवशी मूठभर बारीक काड्या, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी दोन ढलपे. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत असावी. ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघा, किंवा ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि ढलपा फोडून आतल्या बाजूला टोचा.

चौथ्या दिवशी पूर्ण जाळ. आता दर अर्ध्या तासाने भिंतीवरून हात फिरवा. मँटलची खालची बाजू, चौकटीच्या वरचा गिलावा, दोन्ही बाजूंचं स्कर्टिंग, आणि वरच्या मजल्यावर जाऊन चिमणीची भिंत. दूरवरून तापमान मोजणारं इन्फ्रारेड यंत्र असेल तर उत्तमच, मी आकडे पेन्सिलने मापाच्या कागदावर लिहून ठेवले होते. लाकडाच्या कुठल्याही जागी हात धरून ठेवता येत नसेल, किंवा आकडा एक तासानंतरही चढतच असेल, तर हवेची खिट्टी बंद करा, जाळ विझू द्या आणि फिटरला बोलवा.

या जाळांत नव्या रंगाचा उग्र वास येणारच, थोडा निळसर धूरही दिसेल. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दुसऱ्या खोलीत न्या. आमच्याकडे वास तिसऱ्या पूर्ण जाळानंतर गेला, आणि त्या रात्री पहिल्यांदा खिडक्या बंद केल्या.